सुरेखाचा डावा खांदा

८ जानेवारी १९९१, धुळे

मेणाच्या भांड्यात आज पुन्हा केस. सांधे शेकायला मेण वितळवायचं आणि वर आधीच्या पेशंटच्या मनगटावरचे केस तरंगताना बघायचे. डॉ. सरोदे म्हणाले, गाळून घ्या. मालक तेच, सर्जन तेच, मेण त्यांचंच. गाळलं. दुपारी डबा उघडला नाही.

या हॉस्पिटलात सहा वर्षं झाली. दारावर माझ्या नावाखाली 'फिजिओथेरपिस्ट' लिहिलंय. ओपीडीत मी 'शेकवाल्या बाई'. सरांच्या तोंडीसुद्धा. आज एक आजोबा घरून तेलाची बाटली घेऊन आले आणि पाय लांब करून पडले. "चोळा." नाही चोळलं. सरांकडे तक्रार गेली.

११ जानेवारी

सरांनी चिठ्ठी देऊन एक मुलगी पाठवली. सुरेखा, वय १९, नरडाण्याजवळच्या खेड्यातली. कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. चिठ्ठीत एवढंच: 'डावा खांदा वारंवार निखळतो. ऑपरेशन करणे. तोपर्यंत शेक.' बरोबर वडील होते, ती आबा म्हणते त्यांना. सरांनी नीट तपासलं का विचारलं, तर म्हणाले, "चहा थंडा व्हस तवलोंग चिठ्ठी तय्यार."

मी पाऊण तास घेतला. हात खाली ओढला की खांद्याच्या टोकाखाली खळगा पडतो, बोट मावेल एवढा. उजवीकडेही पडतो, जरा कमी. दोन्ही कोपरं उलटी वाकतात. अंगठा मनगटाला टेकतो. सांध्यातला गोळा पुढे सरकतो, मागे सरकतो, खालीही. मार लागून निखळलेल्या खांद्याचा हात वर नेऊन मागे वळवला की पेशंट घाबरून माझा हात धरतो. ही हसली.

पहिल्यांदा कधी निघाला, पडली होतीस का?

"नई."

आबा तंबाखू थुंकायला बाहेर गेले तेव्हा म्हणाली, "हाई पहा ना ताई." मान जरा वाकडी केली, दंड आत फिरवला आणि खांदा बाहेर काढला. कट्ट झालं. खांद्याची गोलाई गेली, तिथे पोकळी. मग तसाच आत घेतला. "दुखत नई. चौथीमा व्हतू तवयपासून. पोरी सांगेत, दाखाड, दाखाड."

रक्त, पू, उघडं हाड, मला काही वाटत नाही. हे बघून मात्र नजर खिडकीकडे वळवली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आवडलं का म्हणून.

१२ जानेवारी

कॉलेजची वही काढली. आमच्या बाईंनी खांद्याचे तीन प्रकार सांगितले होते. मार लागून आतला पडदा फाटलेला. जन्मापासून सैल. आणि स्नायूंनीच चुकीच्या वेळी ओढायची सवय लावून घेतलेला. बाई बजावायच्या, तिन्ही एकमेकांत मिसळतात, पेशंट येतो तो पुस्तक वाचून येत नाही.

सुरेखाचं: मुळात सैल, वर सवय. गेल्या वर्षी कबड्डीत कुणीतरी हात हिसडला, तेव्हापासून न काढताही निघतो. म्हणजे थोडा फाटलेलाही असेल. सरांचं ऑपरेशन फक्त पहिल्या प्रकाराचं. पुढून आवळायचं. सगळ्या बाजूंनी सैल असलेला खांदा पुढून आवळला तर मागून निघेल. चादर एका बाजूने ओढल्यावर दुसरीकडून पाय उघडे पडावेत तसं.

सरांना सांगायचं. कसं, ते ठरवायचंय.

१५ जानेवारी

सांगितलं. आधी ऐकतच नव्हते, एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. ती स्वतः काढून दाखवते म्हटल्यावर एकदम वळले.

"स्वतः? मुद्दाम? बोलवा तिला."

बोलावलं. तिनं दाखवलं. सरांचे डोळे लहान पोराला खेळणं मिळावं तसे. पुन्हा कर. पुन्हा. वॉर्डमधून रज्जाकभाईंना हाक मारली, बघा म्हणून. रज्जाकभाई आमचे प्लास्टरवाले, वीस वर्षं याच कामात. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "साहब, बस करा. पोरगी आहे, बाहुली नाही." सर हसले.

मग मला म्हणाले, "बाई, नजर चांगली आहे तुमची." सहा वर्षांत पहिल्यांदा.

जळगावला डॉक्टरांची सभा आहे. तिथे ही केस मांडायची ठरवलंय. मी तपासणीचे कागद तयार करायचे.

२० जानेवारी

कागद केले. अक्षर चांगलं काढलं. दोनदा उतरवले. का, ते आज लिहीत नाही.

३ फेब्रुवारी, रविवार. जळगाव

हॉटेलचा हॉल. चाळीसेक डॉक्टर. जेवण आधी, केस नंतर: भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी, वर जिलेबी. सुरेखा आणि आबा मागे खुर्च्यांवर. त्यांना कुणी ताट दिलं नाही. मी दोन ताटं नेऊन दिली, त्यावर एक जण म्हणाला, "पेशंटला उपाशी ठेवायला हवं ना?" सगळे हसले. भूल द्यायची नव्हती कुणाला.

मग तिला स्टेजवर. हॉस्पिटलचा गाऊन, डावा खांदा उघडा. मी मागे, तिची ओढणी हातात घेऊन.

"दाखव."

दाखवलं. टाळ्या. एकाला नीट दिसलं नाही, पुन्हा. एकाला फोटो घ्यायचा होता, पुन्हा, आणि काढलेला तसाच धरून ठेव. मग रांग लागली हात लावायला. नऊ जण मोजले मी. भरताचे तेलकट अंगठे खांद्याच्या खळग्यात. गाऊनवर डाग पडले. एक म्हातारा डॉक्टर, धोतर नेसलेला, त्याने फक्त हात जोडले आणि बाजूला झाला.

सर म्हणाले, "आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हे प्रथम टिपलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान लववली.

मान लववली मी.

परतीच्या एस.टी.त पारोळ्यापर्यंत ती खांदा धरून बसली होती. मग विचारलं, "मी बराबर करं ना ताई?"

४ फेब्रुवारी

सकाळी हात तीनदा धुतले. मूर्खपणा. हात तर त्यांनी लावले, मी नाही.

मी ओढणी धरली होती. मला आनंद झाला होता, हॉलमध्ये नाव घेतलं तेव्हा. छान कपडे घालून गेले होते, निळी साडी. ती साडी आता बघवत नाही. धोब्याला दिली.

८ फेब्रुवारी

सुरेखा आली. रविवारपासून झोपेत कूस बदलली की खांदा निघतो. आधी असं नव्हतं. कालपासून दुखतोयही. हातात बादली घेतली तर खाली लोंबतो म्हणते.

त्या नऊ अंगठ्यांनी केलं. आणि फोटोवाल्याने.

सरांना सांगितलं. "मग बघा, ऑपरेशनच हवं. बावीसला घेतो. जळगावचे दोघे बघायला येणार आहेत." मी म्हटलं, पुढून आवळलं तर मागून निघेल. सहा महिने व्यायाम करू द्या, त्यातून नाही जमलं तर पुढचं बघा. म्हणाले, "बाई, शेक द्या. तुमचं तेच काम." रविवारी 'मॅडम' होते म्हणे मी.

त्यांच्या टेबलावर पानाचा डबा असतो. बोलताना बोटाला चुना लावत होते आणि त्याच बोटाने तिच्या एक्स-रेवर रेघ ओढून दाखवत होते, इथे कापणार. फिल्मवर पांढरी रेघ राहिली.

१२ फेब्रुवारी

घरी यांचं म्हणणं, नोकरी आहे, वाद कशाला घालतेस. बरोबर आहे. दोघं कमावतो म्हणून घर चालतं.

तरी आज आबांना बाहेर गाठलं, रसवंतीजवळ. सगळं सांगितलं. मराठीत सांगता सांगता हातवारे करायला लागले: हा पेला, हा चेंडू, पेला उथळ आहे, चेंडू मोठा, भोवतीचं फडकं सैल. फडकं एकीकडून शिवलं तर चेंडू दुसरीकडून पडेल. चेंडू धरून ठेवणारे हात म्हणजे स्नायू, त्यांना शिकवावं लागेल.

ते म्हणाले, "फाडाफाडी नई करनी मंग?"

आत्ता नाही.

"तुम्ही सांगशात तसं करसूत. पन ताई, डाक्टर मोठा माणूस शे. त्याले तुम्ही सांगा. माले बोलता येनार नई."

म्हणजे ते पण माझ्यावर.

१४ फेब्रुवारी

सांगितलं. सर ओरडले नाहीत. त्यापेक्षा वाईट. दार लावलं, हळू आवाजात म्हणाले, "ठीक. आजपासून ती पेशंट तुमची. माझ्या रजिस्टरमधून नाव काढतो. काही झालं तर तुमचं." रजिस्टर उघडून खरंच रेघ मारली.

आपल्याला फार कळतं असं वाटणाऱ्या बायकांचा मला नेहमी तिटकारा होता. आता त्यातलीच एक झाले.

२० फेब्रुवारी

सुरुवात. दोन अटी घातल्या. एक, खांदा कुणालाही काढून दाखवायचा नाही. मैत्रिणीला नाही, आईला नाही, डॉक्टरला नाही, मलाही नाही. दोन, सहा महिने कबड्डी बंद. पहिलीला मान हलवली. दुसरीला खाली बघितलं.

रज्जाकभाईंच्या भावाचं सायकलचं दुकान आहे. तिथून जुनी ट्यूब आणली, कापून लांब पट्टा केला, खिडकीच्या गजाला बांधला. कोपर अंगाला चिकटवून पट्टा बाहेर ओढायचा, आत ओढायचा. सावकाश. ट्यूबला रबराचा आणि पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. तिला आवडतो म्हणे. मला मळमळतं.

२ मार्च

आठवड्यातून दोनदा येते, नरडाण्याहून एस.टी.ने. बाकीचे दिवस घरी करते म्हणते.

खरी अडचण ताकदीची नाही. खांद्यापेक्षा पाठीवरचं फऱ्याचं हाड जास्त त्रास देतं: हात वर नेताना ते जागेवर राहत नाही, पाखरासारखं उडतं. आरशासमोर पाठमोरी उभी केली, दुसरा आरसा हातात दिला. स्वतःची पाठ तिनं पहिल्यांदाच बघितली. "हाई मन्ही पाठ?" किती वेळ बघत राहिली.

छातीवरचा मोठा स्नायू आधी ओढतो, बाकीचे झोपलेले. तो स्नायू हाताखाली धरून बसते मी आणि सांगते, हा गप्प ठेव, मागचा उठव. दहातून दोनदा जमलं.

सर दारातून डोकावले. "चालू द्या, चालू द्या." कंपाउंडरला काहीतरी म्हणाले आणि दोघे हसले.

१९ मार्च

दहातून सहा. हात खांद्याच्या उंचीपर्यंत, फरा जागेवर. भिंतीवर चेंडू दाबून गोल फिरवते. झोपेत निघणं आठवड्यातून एकदावर आलं.

खूश झाले. साला, या धंद्यात खूश झालं की काहीतरी होतं.

२९ मार्च

काहीतरी लपवतेय. दंडावर बोटांचे वळ, चार, नीट मोजता येतील असे. विचारलं. बैलाने ढुशी दिली म्हणाली. बैलाला बोटं असतात का? यावर तिनं बाही खाली ओढली.

७ एप्रिल, रविवार. चाळीसगाव

धाकट्या बहिणीकडे आले होते. तिचे यजमान म्हणाले, कबड्डीचे सामने आहेत, चला. गेले. मैदानात सुरेखा.

लपून बघितलं. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

चढाईला जाते, मुद्दाम डावा हात पुढे देते. पकडणारी मुलगी दंड धरते, ओढते. सुरेखा खांदा काढते. त्या मुलीच्या हातात खांदा कट्ट करून निखळतो, तशी ती किंचाळून हात सोडते. कोण नाही सोडणार? सुरेखा रेषेवर. गुण. पब्लिक वेडं झालेलं. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "ही निखळपट्टी, बाई. लांबून लोकं बघायला येतात." नावही पडलंय.

तिचे कोच निकम रेषेबाहेरून ओरडत होते: "हात दे! डावा दे!"

तीनदा पाहिलं. चौथ्यांदा समोरच्या मुलीने सोडला नाही. वरून दोघी पडल्या. या वेळी ती उठली तेव्हा हात तसाच लोंबकळत होता आणि तोंड पांढरं. निकम धावले, तिला आडवी पाडली, बगलेत पाय घातला, बुटासकट, आणि हात ओढायला लागले. माणसं गोल करून बघताहेत. एक जण शेंगा खात होता.

मी कशी आत शिरले माहीत नाही. निकमांचा पाय धरून बाजूला केला. "कोण तुम्ही?" तिची शेकवाली, म्हटलं.

जीपमधून धुळ्याला. सव्वा तास, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची. सरांना घरून बोलावलं. आले. दुखणं कमी करायला सुई दिली, तिच्याशी गावाच्या, म्हशीच्या गोष्टी करत हात इतका सावकाश फिरवला की खांदा आत गेला ते तिला कळलंच नाही. हात चांगले आहेत माणसाचे. हेच पचत नाही.

जाताना मला म्हणाले, "तुमची पेशंट."

८ एप्रिल

दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर. कापूस कळत नाही, टाचणी कळत नाही. तळहाताएवढा तुकडा. खांद्याचा स्नायू आवळायला सांगितला तर नुसता थरथरतो. नस ताणली गेली. निकमांच्या बुटाने की ओढण्याने, आता कोण सांगणार.

मी तिच्यावर तोंड सोडलं. पलंगाशी उभी राहून, वॉर्ड ऐकत असताना. खोटारडी म्हटलं. तमाशातली म्हटलं. लाज वाटत नाही का म्हटलं.

ती भिंतीकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "जळगावले तुमना डाक्टरले दाखाडं ते चाली, आन मैदानवर दाखाडं ते पाप? तठे तुम्ही मन्ही ओढनी धरी उभ्या व्हत्यात. टाळ्या तठेबी पडन्यात. मैदानवर तं मी जितनू."

तिच्या गाऊनची दोरी बांधली आणि बाहेर आले. रज्जाकभाई जिन्यात होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाजूला झाले.

११ एप्रिल

निकम भेटायला आले. केळ्यांची फणी घेऊन. "मुलगी गुणी आहे मॅडम, तिचं नाव व्हावं एवढंच." खांदा कधीपासून काढायला लावता? "मी कशाला लावतो? देवानं दिलंय तिला, मी वापरलं." पुढच्या महिन्यात नाशिक आहे म्हणाले, तोवर होईल का.

केळी वॉर्डात वाटून टाकली. एकही घरी नेलं नाही.

१९ एप्रिल

आबा घेऊन गेले तिला. हात गळ्यात बांधलेला. मी तपासायला गेले तर तिनं अंग चोरलं. आबांनी विचारलं, परत कधी आणू. तिला विचारा, म्हटलं.

६ मे

आली नाही. सतरा दिवस. उन्हं इतकी की दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही.

सरांनी जेवताना विषय काढला: "तुमच्या त्या सर्कसचं काय झालं?" मी म्हटलं, सर, तो शब्द परत वापरू नका. मग मला वाटलं, तमाशा हा शब्द मी वापरला होता, तिच्या तोंडावर. सर्कस आणि तमाशा. मोठाच फरक.

१४ मे

नरडाण्याची गाडी पकडली. तिच्या घरी गेले. आईने पाणी दिलं, ओसरीवर बसवलं. सुरेखा आत होती, बाहेर येईना. मी दाराकडे तोंड करून बोलले. जळगावला मी चूक केली. तुला तिथे न्यायला नको होतं. कागद मी लिहिले, आणि माझं नाव घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. वॉर्डात बोलले तेही चूक. व्यायाम करायचा की नाही, तुझं तू ठरव. नस मात्र दर आठ दिवसांनी बघायला हवी, ती मला नाही तर दुसऱ्या कुणाला दाखव.

आई माझ्याकडे असं बघत होती की ही शहरातली बाई दाराशी का बोलतेय.

परत येताना गाडीत सारखं वाटत होतं, हे पण दाखवायलाच केलं का मी. किती चांगली आहे ते.

२१ मे

आली. एकटी. "नस पहा," एवढंच म्हणाली.

बधिर तुकडा निम्म्यावर आलाय. स्नायू आवळला, हाताला कळला. किंचित, पण कळला. मला रडू आलं, दाखवलं नाही.

१२ जून

पुन्हा पहिल्यापासून. गळ्यातली पट्टी सुटली. ट्यूब. आरसा. फरा. या वेळी अट मी घातली नाही, तिनंच सांगितलं: "आते मी कोनले दाखाडस नई." का गं? "माले तठे काई समजतच नई. दंड मन्हा शे का नई, तेच समजत नई." बधिर जागेचं बोलत होती. की आणखी कशाचं, माहीत नाही.

डोळे मिटून हात ठेवायचा व्यायाम सुरू केला. मी हात एका जागी नेते, खाली आणते, तिनं न बघता त्याच जागी न्यायचा. वीतभर चुकते. खांद्याला स्वतःची जागाच माहीत नाही. दहा वर्षं लोकांना दाखवण्यात गेली, स्वतःला कधी विचारलं नाही त्यानं.

२ जुलै

दोन बोटं चुकते आता. बधिरपणा नाण्याएवढा. दंडाला गोलाई येतेय.

जमिनीवर ओणवी होऊन दोन्ही हातांवर भार दिला. मग एकट्या डाव्यावर, पाच सेकंद. घाम फुटला दोघींना. रज्जाकभाई दाराशी थांबले, मोजत होते: "चार... पाँच... शाबास."

सर आत आले. हात बघितला, तिला विचारून. हे पहिल्यांदाच. सगळ्या बाजूंनी सरकवून बघितला. म्हणाले, "अजून सैलच आहे."

आहेच. सैल राहणारच. धरून ठेवायला शिकतोय.

"हूं," म्हणाले आणि गेले. कबूल केलं असं नाही, नाही केलं असंही नाही. दुपारी ऐकलं की जळगावच्या सभेतले तिचे फोटो ते आणखी कुठेतरी दाखवणार आहेत. तिच्या तोंडासकट. मागितले मी. कपाटात असतील म्हणाले.

५ जुलै

फोटो पुन्हा मागितले. "बाई, ते शास्त्रासाठी आहेत." शास्त्र! भरताच्या अंगठ्यांचं शास्त्र.

सर ऑपरेशनआधी हात धुवायला गेले असताना कपाट उघडलं. सात फोटो. पर्समध्ये घातले. घरी बंबात एकेक करून टाकले. सातव्यात मागे मीही होते. निळी साडी, हातात ओढणी, हसरी.

तो शेवटी टाकला.

१८ जुलै

सरांना फोटो सापडत नाहीत. कंपाउंडरला ओरडले. मी म्हटलं, मी घेतले, जाळले. वाटलं आता काढून टाकतील. ते हसले आणि म्हणाले, "निगेटिव्ह जळगावला आहे." पान तोंडात टाकलं.

नोकरी आहे अजून. किळस कशाची जास्त येते सांगता येत नाही, ते हसले त्याची, की मी उद्याही तिथे जाणार त्याची.

३१ जुलै

आज सुरेखा उशिरा आली, केस ओले, चप्पल चिखलाने भरलेली. शिंदखेड्याहून येणाऱ्या गाडीत चढताना पाय घसरला. डाव्या हाताने दांडा धरला गेला, सगळा भार त्या हातावर, गाडी चालू. कंडक्टरने वर घेतलं.

आणि खांदा?

"नई निंघना."

सरळ माझ्याकडे बघून म्हणाली. तपासलं. थोडं दुखतंय पुढून. खळगा आहे तेवढाच. गोळा जागेवर. संवेदना ठीक. पण निघून परत गेला असता तरी आत्ता मला असाच दिसला असता. यात सांगण्यासारखं काही हाताला लागत नाही.

खरंच नाही निघाला? परत विचारलं. विचारायला नको होतं.

तिनं ट्यूब घेतली, गजाला अडकवली, कोपर अंगाला चिकटवलं आणि ओढायला लागली. एक, दोन. माझ्याकडे पाठ. फरा जागेवर होता.

मी तिच्या कागदावर लिहिलं: 'आज चालत्या गाडीत हातावर पूर्ण भार. पेशंट सांगते की खांदा निघाला नाही.' मग 'पेशंट सांगते की' खोडलं. ती अकरावर होती तेव्हा परत लिहिलं. वीस झाल्यावर पुन्हा खोडलं. शाई पसरली, कागद तिथे फाटायला आलाय.